भपकूची अर्धी गोष्ट

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात 'संडास' हा शब्द कधी उच्चारला नाही. "मी जरा मागे जाऊन येतो," असं ते म्हणत. आमच्या माधव नगरच्या घराच्या मागे खरं तर काहीच नाही, शेजाऱ्यांची भिंत आहे. लग्न होऊन मी भुसावळहून उज्जैनला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, मला बाजूला घेऊन सांगितलं, "आत गेलीस की नळ सोडून ठेवत जा हं. ह्यांना बाहेर आवाज आलेला चालत नाही." मला वाटलं, नवी सून म्हणून सांगताहेत. तसं नव्हतं. नियम सगळ्यांना होता. माझ्या नवऱ्याला, शैलेंद्रला, चौथ्या वर्षापासून ही सवय लावलेली. आज पंचेचाळिसाव्या वर्षीही तो कुठे हॉटेलात गेला तरी आधी नळ सोडतो. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हाही घरात हा नियम मोडला नाही.

सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, नाव गोपाळकृष्ण निगुडकर. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी शाळांमध्ये संस्कृत शिकवलं. आमच्या इथल्या मराठीत 'पंखा चालून राहिला आहे' असं सर्रास बोलतात. बाबा ते तिथल्या तिथे दुरुस्त करत, मग समोर दूधवाला का असेना. स्वतःचे कपडे स्वतः धुणार, रुमालाला रोज इस्त्री करणार, जेवताना चुकून ढेकर आला तर ताटावर मान खाली घालून "क्षमस्व" म्हणणार. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीनंतर कितीतरी मुलांना त्यांनी घरी बसवून फुकट शिकवलं. मुलांवर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. फक्त देहाचं जे काही असतं, त्याबद्दल त्यांना फार संकोच होता. लहानपणी एका खोलीत नऊ माणसं राहायची, तिथून तो आला असावा, असं माई म्हणतात. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत. तसल्या गोष्टी ते बोलतच नसत.

मृण्मयी आमची एकुलती एक मुलगी. ती आठ वर्षांची होती, तेव्हाची ही हकिकत. त्या वर्षी तिच्या अख्ख्या वर्गाला एका कार्टूनने वेड लावलं होतं. परदेशी, हिंदीत डब केलेलं. त्यात भपकू नावाचा एक हिरवा गोळा होता, एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायच्या मोरीखाली राहणारा. त्याचं नाक सतत वाहायचं आणि त्या शेंबडाला लोंबकळून तो झोके घ्यायचा. पोटात गुडगुडायला लागलं की त्याची मैत्रीण, एक माशी, ओरडायची, "गुड़गुड़ हुई, भागो!" मग जो आवाज व्हायचा त्याने भिंतीवरच्या तसबिरी पडायच्या, आचाऱ्यांच्या टोप्या उडायच्या.

मला स्वतःला ते बघत पोहे खाणं जमत नसे. पण मृणूचं हसणं! पोट धरून ती सोफ्यावरून घसरत खाली यायची, श्वास लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी थांबायची नाही.

एका संध्याकाळी बाबा फिरून लवकर आले आणि तिच्या मागे उभे राहून त्यांनी पाचेक मिनिटं ते बघितलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. एखादा मास्तर खरंच न समजलेलं विचारतो तसं.

मृणूने डोळे पुसले. "आजोबा, तू बघ ना. त्याला नको असतं, तरी येतं. तो किती दाबून धरतो, तरी येतंच."

"'तू' नव्हे, 'तुम्ही'."

"तुम्ही बघा ना."

"या गोष्टी झाकायच्या असतात, मृण्मयी. त्यांचा तमाशा करायचा नसतो." त्यांनी टीव्ही बंद केला.

त्या दिवसापासून घरात भपकूला बंदी. म्हणजे बाबा घरात असताना. सकाळ-संध्याकाळ ते कोठी रोडवर फिरायला जात, तेवढ्या वेळात मी तिला लावून द्यायचे. लपवाछपवी शिकवली ती मीच.

गणपतीत आमच्या मराठी समाजाच्या सभागृहात मुलांसाठी पाठांतर आणि गोष्ट सांगण्याची स्पर्धा असते. बावीस वर्षं ती बाबाच घेत होते. त्या वर्षी मृणू पहिल्यांदा भाग घेणार होती. बाबांनी तिच्याकडून कासवाची एक गोष्ट बसवून घेतली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरवून. स्वतः परीक्षक असल्यामुळे नातीला गुण द्यायचे नाहीत, हेही त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

मृणू स्टेजवर आली. निळं परकर-पोलकं, कपाळावर चंद्रकोर. समोर सतरंजीवर चाळीसेक मुलं आणि मागे खुर्च्यांवर आम्ही. तिने नमस्कार केला आणि कासव सोडून दिलं.

"एक होता भपकू," ती म्हणाली, "आणि एकदा तो चुकून राजाच्या दरबारात गेला."

मुलांमधून एकदम कल्ला उठला. बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. मृणू सांगत गेली. राजाचा हुकूम होता की, मी बोलत असताना कुणी खोकायचं नाही, शिंकायचं नाही, आणि पोटाने तर मुळीच बोलायचं नाही. मग राजा भाषण करायला उभा राहिला. तिने राजाचा आवाज काढला आणि मागे खुर्च्यांवर खसखस पिकली, कारण तो आवाज थेट बाबांचा होता. तेच शब्द तोलून बोलणं, तीच 'ज्ञ'वरची किंचित ठेच. इतक्यात भपकूच्या पोटात गुडगुडलं. मृणूने बगलेत हात घालून असा काही आवाज काढला की पुढची चार मुलं आडवी झाली. दरबारातलं कुणी हसेना. प्रधान म्हणाला, ढग गडगडले वाटतं. सेनापती म्हणाला, नाही नाही, आमची तोफ. सगळे छताकडे बघत राहिले.

"आणि मग," मृणू पुढे झुकून हळूच म्हणाली, "राजाच्याच पोटातून..."

बाबा उठले. पायऱ्या चढून वर गेले आणि त्यांनी तिच्या हातातला माइक काढून घेतला.

"हे व्यासपीठ आहे, गटार नव्हे," ते म्हणाले. "ज्या घरात मुलांना संस्कार मिळत नाहीत, त्या घरांनी आपली मुलं इथे पाठवू नयेत. आज ते घर माझंच निघालं. या मुलीची मला लाज वाटते."

मृणूचं तोंड अर्धवट उघडं होतं, बगलेतला हात तसाच. ती त्यांच्याकडे वर बघून म्हणाली, "आजोबा, गोष्ट संपली नाही अजून."

"संपली," बाबा म्हणाले.

मी तिसऱ्या ओळीत बसले होते. उठून तिला खाली आणायला हवं होतं. मी पदराचं टोक चाचपत बसून राहिले, कारण शेजारच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. शैलेंद्र मोबाइलमध्ये बघत होता. शेवटी ती एकटीच खाली आली आणि माझ्या शेजारी न बसता माईंच्या शेजारी जाऊन बसली.

त्यानंतर घर कसं शांत झालं. मृणूने भपकूचं नाव टाकलं. बाबा फिरायला गेले तरी टीव्ही लावायला सांगेना. बाबांना ती आता न चुकता 'तुम्ही' म्हणायला लागली. विचारलं तेवढंच उत्तर, तेही पूर्ण वाक्यात. "बघ, एकदा कान टोचले की पोर कशी सुधारते," असं बाबा माईंना म्हणाले.

संक्रांत झाली आणि त्या आठवड्यात बाबांचं जेवण कमी झालं. विचारलं तर "भूक नाही." दोन दिवस त्यांना शौचाला झालं नव्हतं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं, कळा येत होत्या. हे सांगायचं कसं, म्हणून ते खोलीत पुस्तक धरून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी माईंना ते पलंगाशेजारी खाली पडलेले सापडले. गाडी करून इंदूरला नेलं. आतड्याला पीळ पडला होता आणि पिळातला भाग सडला होता. तरुण डॉक्टर शैलेंद्रला म्हणाले, "दो दिन पहले ले आते तो शायद काटना नहीं पड़ता. इन्होंने बताया क्यों नहीं?"

काय सांगणार?

ऑपरेशन करून सडलेला भाग काढला आणि उरलेल्या आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला बाहेर काढलं. त्यावर चिकटवायची एक पिशवी. जे काही व्हायचं ते तिच्यात व्हायचं. काही महिन्यांनी आतडं परत जोडता येतं, पण बाबांचं हृदय कमजोर निघालं. दुसऱ्यांदा भूल द्यायला नको, असं ठरलं. पिशवी कायमची झाली.

दवाखान्यातल्या सिस्टर फार चांगल्या होत्या. पिशवी कशी बदलायची ते त्यांनी आम्हाला दाखवलं आणि बाबांना म्हणाल्या, "दादाजी, इसमें अपना कंट्रोल नहीं रहता. हवा भी निकलेगी, आवाज भी होगी. शरम मत करना."

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बघितलं, त्यांचे कान लाल झाले होते.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी पिशवी बदलायला शैलेंद्र बसला. अर्ध्यावर त्याला उमळून आलं. तो न्हाणीघरात पळाला आणि सवयीने त्याने नळ सोडला, पण ओकारी नळाहून मोठी होती. माईंची बोटं संधिवाताने वळत नाहीत. मग मी करायला लागले. चार-पाच दिवस केलं. एकदा बहिणीशी फोनवर बोलताना मी म्हणाले, "वास नाकात बसतो गं, जेवण जात नाही." खोलीचं दार अर्धं उघडं होतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर बाबांनी आतून कडी लावून घेतली होती. तासाभराने स्वतः बदलून, हात धुऊन, बाहेर आले. "तुला त्रास नको," एवढंच म्हणाले. मी 'अहो बाबा, तसं नाही' असंही म्हणू शकले नाही, कारण ते तसंच होतं.

फेब्रुवारीत रमेशराव आणि प्रतिभाताई भेटायला आले. रमेशराव बाबांचे कोठी रोडवरचे फिरण्यातले सोबती, समाजाच्या कमिटीतही दोघं बरोबर. बाबा शाल पांघरून खुर्चीत बसले होते. मी चहा ठेवायला आत गेले, मृणू पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. रमेशराव स्पर्धेच्या नव्या नियमांबद्दल काही सांगत होते, तेवढ्यात शालीखालून आवाज आला. चांगला लांब, ओला, मध्ये थांबून पुन्हा सुरू झालेला.

बाबांनी दोन्ही हात पोटावर दाबले. दाबून काय होणार! पुन्हा आला.

"यंदा थंडी लांबली, नाही?" रमेशराव म्हणाले. प्रतिभाताई वर पंख्याकडे बघायला लागल्या.

मृणूने पेले टेबलावर ठेवले. मला वाटलं, आता ही हसणार. तिचा चेहरा पार कोरा होता. शांतपणे ती आत आली, मोरीपाशी गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला. पितळी पातेल्यावर पाणी धबाधबा आदळायला लागलं. पाहुणे जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. पातेलं भरून वाहत होतं.

पाहुणे गेल्यावर बाबांनी तिला बोलावलं. "नळ कुणी सोडला होता?"

"मी."

"कशासाठी?"

"तुमचा आवाज बाहेर येत होता ना," ती म्हणाली. "मला लाज वाटू नये म्हणून नाही हां. तुम्हाला वाटू नये म्हणून."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसातून आले (फ्रीगंजला एका विम्याच्या ऑफिसात मी काम करते) तर ते माझी वाट बघत बसलेले.

"भार्गवी, ते जे कार्टून होतं, भपकूचं. ते फोनवर मिळतं का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मृण्मयीला विचारलं, त्या गोष्टीत राजाचं पुढे काय होतं म्हणून. ती 'विसरले' म्हणाली. मला तो शेवट बघायचा आहे."

मी त्यांना माझ्या जुन्या फोनवर लावून दिलं. त्यानंतर तीनेक आठवडे बाबा रोज दुपारी कानाला इअरफोन लावून भपकू बघत होते. पाठ्यपुस्तक तपासावं तसे. वहीत भागांचे क्रमांक लिहीत आणि पुढे दोन शब्द: 'मोरी तुंबते', 'मोजे हरवतात', 'शिंक'. हसताना मी त्यांना पाहिलं नाही. पण एकदा संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "विनोद सामान्य आहे. शेंबूड फार आहे. पण एक गंमत आहे बघ. तो एवढं सगळं करतो, लोक नाक धरून पळतात, आणि पुढच्या दृश्यात परत त्याच्याच शेजारी येऊन बसतात. त्याला कुणी घरातून काढत नाही."

मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

"शेवटपर्यंत बघून झालं," ते म्हणाले. "दरबाराचा भाग कुठेच नाही. एखादा भाग राहून गेला असेल का?"

आता मला सांगणं भाग होतं. "बाबा, तो भाग नाहीच आहे. भपकू तेवढा कार्टूनमधला. दरबार, राजा, प्रधान, सगळं मृणूनेच रचलं होतं. आठवडाभर माझ्यासमोर स्वयंपाकघरात सांगून बघत होती."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"त्या दिवशी बोलली का नाहीस?"

मी म्हणाले, "भीती वाटली." ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला लोकांसमोर तिची आई म्हणून उठायची लाज वाटली होती. तेवढं मी त्यांनाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "आठ वर्षांच्या पोरीने स्वतः रचलेली गोष्ट. माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी रचली नाही. आणि मी काय म्हणालो सगळ्यांसमोर!"

त्या संध्याकाळी मृणू अभ्यासाला बसली होती, तिथे ते गेले. मी दाराआड थांबले.

"ती दरबाराची गोष्ट तुझी होती?"

"हो."

"मला ते माहीत नव्हतं."

मृणूने पेन्सिल खाली ठेवली. "माहीत असतं तर?"

बाबांनी विचार केला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तर मी असं बोललोच नसतो. ते म्हणाले, "तरीही बहुधा तसंच बोललो असतो. मी चुकलो, मृणू. फार चुकलो."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

नंतर बाबा मला म्हणाले, "तिने माफ नाही केलं. नुसता विषय संपवला. तो अधिकार तिचा आहे."

एप्रिलमध्ये तिचा नववा वाढदिवस झाला. वर्गातली मुलं आली: निखिल, आदित्य, शर्वरी आणि आणखी चार-पाच. बाबांनी सकाळीच सांगितलं होतं की मी खोलीतून बाहेर येणार नाही, मुलांमध्ये कशाला. पण केक कापायच्या वेळी माई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. मुलं गाणं म्हणत होती. गाणं संपलं आणि टाळ्या सुरू होण्याआधी जी एक क्षणाची शांतता असते, नेमकी त्यात पिशवी वाजली.

आठ-नऊ जोडी डोळे बाबांकडे वळले. शर्वरीने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. मृणू केकच्या सुरीकडे बघत होती, मान लाल झालेली. मी नकळत स्वयंपाकघराकडे निघाले, आणि का निघाले ते माझं मलाच कळून थबकले.

"वह आवाज मेरे पेट से आई," बाबा म्हणाले. मराठी मुलं असली तरी आपसात हिंदीतच बोलतात. बाबांनी स्वतःहून त्यांची भाषा घेतली, हेच मला नवीन होतं. "मेरा ऑपरेशन हुआ है. पेट पर एक थैली लगी है. उसमें से आवाज आती है, और मैं रोक नहीं सकता." इतकं बोलेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला. शाल सावरायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आदित्यने विचारलं, "दादाजी, दुखता है क्या?"

"नहीं. शुरू में दुखता था."

"क्लास में बज जाए तो?" हे निखिलने.

बाबांनी बत्तीस वर्षांचा वर्ग डोळ्यांपुढे आणला असावा. "तो पूरी क्लास हँसेगी," ते शेवटी म्हणाले.

"मतलब हम हँस सकते हैं?" शर्वरीने हात तोंडावरून न काढता विचारलं.

"हँसो."

पण परवानगी दिल्यावर हसू येत नाही. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग मृणू, सुरीवरची नजर न काढता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नींद में ज़्यादा बजता है. मेरे कमरे तक आता है. एक बार तो मुझे लगा बाहर कोई टेंपो स्टार्ट कर रहा है."

आदित्य आधी फुटला. मग सगळेच. निखिल जमिनीवर बसला. तेवढ्यात पिशवी पुन्हा वाजली, आणि मग तर कुणालाच आवरेना. मृणू हसत नव्हती. तिने ओठ घट्ट धरले होते, खांदे मात्र हलत होते. बाबा डोळे पुसत होते. ते हसत होते की काय, मला सांगता येणार नाही. माईंनी केकची पहिली फोड मृणूच्या हातात दिली, ती तिने बाबांना भरवली नाही, ताटलीत घालून त्यांच्यापुढे ठेवली.

याला आता तीन वर्षं झाली. बाबा सत्याहत्तर वर्षांचे आहेत. पुन्हा कोठी रोडवर जातात, चालता चालता आवाज झाला तर "माझं पोट" म्हणतात आणि बोलणं पुढे चालू ठेवतात. रमेशरावांना अजून त्याची सवय नाही. स्पर्धेचं काम बाबांनी सोडलं. मृणू मात्र परत कधी स्टेजवर गेली नाही. शाळेच्या बाईंनी दोनदा नाव दिलं, दोन्ही वेळा तिला ताप आला. खरा, थर्मामीटरमध्ये दिसणारा. ती बाबांशी बोलते, हसते, त्यांच्याकडून श्लोकांचे अर्थ विचारून घेते. 'तुम्ही'च म्हणते. "तू म्हण गं," असं एकदा ते म्हणाले, तर म्हणाली, "आता तोंडात बसलंय."

मागच्या आठवड्यात दोघं टावर चौकाकडच्या औषधाच्या दुकानात पिशव्या आणायला गेले होते. पुढचं मला बाबांनीच सांगितलं. दुकानदाराने खोकं काळ्या प्लास्टिकच्या पन्नीत घालायला घेतलं, तर बाबा म्हणाले, "रहने दो भैया, ऐसे ही दे दो. चोरी का माल थोड़े ही है." दुकानदार हसला. मृणूने खोकं हातात घेतलं. त्यावर पोटाचं आणि पिशवीचं चित्र चांगलं मोठं छापलेलं.

दोघं रस्ता ओलांडायला उभे राहिले. पलीकडून तिच्या वर्गातल्या दोन मुली कुल्फी खात येत होत्या. मृणूने ते खोकं पटकन उन्हासाठी घातलेल्या आपल्या जॅकेटच्या आत घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. मुली जवळ आल्या, "हाय" झालं, "ये तेरे दादाजी?" झालं, त्या निघून गेल्या. जॅकेट पुढून चौकोनी फुगलं होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी बाबांना विचारलं.

"काय म्हणणार," बाबा म्हणाले. "मी दुसरीकडे बघितलं. ते तिला हवं होतं, म्हणून." मग म्हणाले, "घरापर्यंत तिने चेन उघडली नाही, भार्गवी. घामाने भिजली होती पोर."